नळाची धार बारीक, मग गीझर कोणता?

गीझर घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, ‘किती लिटरचा दाखवू?’ दुसरा येतो, ‘घरात माणसं किती?’ तुमच्या न्हाणीघरातल्या नळाला मिनिटाला किती पाणी येतं, हे सहसा कुणी विचारत नाही. सगळी निवड खरं तर त्याच आकड्यावर ठरायला हवी. गीझर पाणी ओढून आणत नाही, पाइपातून जे येईल तेवढंच तापवतो. म्हणून महागाचा, काचेसारख्या चकचकीत तोंडाचा गीझर बसवूनही पहिल्याच सकाळी शॉवरमधून केसाएवढी धार पडते, आणि मग कंपनीच्या नावानं बोटं मोडली जातात.

हा लेख त्यांच्यासाठी आहे, ज्यांच्याकडे पाण्याला फोर्स नाही. गच्चीच्या टाकीखालच्या शेवटच्या मजल्यावर राहणारे, जुन्या इमारतीतल्या गंजलेल्या पाइपांवर दिवस काढणारे, चाळीत माळ्यावरच्या टाकीवर भागवणारे आणि पालिकेचं पाणी तासभरच येतं असे सगळे यात आले.

आधी बादली, मग बाजार

मोजमाप सोपं आहे. किती लिटरची ते माहीत असलेली बादली घ्या. ठाऊक नसेल तर लिटरच्या बाटलीनं एकदा भरून खूण करा. सकाळी सात-साडेसातला, म्हणजे सगळी इमारत एकदम नळ सोडते तेव्हा, न्हाणीघरातला नळ पूर्ण उघडा आणि घड्याळ लावा. २० लिटरची बादली चार मिनिटांत भरली तर मिनिटाला ५ लिटर. पाच मिनिटांत भरली तर ४. दुपारी तीनला मोजलेला आकडा काही कामाचा नाही. त्या वेळी आंघोळ कोण करतं?

मग हेच शॉवरखाली बादली धरून मोजा. आकडा नळापेक्षा कमी येईल, कारण शॉवर नळाहून चार-साडेचार फूट उंच असतो आणि त्याच्या जाळीतही पाणी अडतं. तिसऱ्यांदा स्वयंपाकघरातला नळ चालू ठेवून मोजा. एकटा नळ चांगला चालतो, पण दुसरा उघडला की पहिला मरतो, असं असेल तर मुख्य पाइप बारीक आहे किंवा आतून भरला आहे. एकटा नळही रडतो, पण त्याच टाकीवरच्या शेजाऱ्याकडे ठीक आहे, असं असेल तर अडथळा तुमच्याच घरात आहे.

तो अडथळा शोधायला प्लंबरच्या आधी पाना हातात घ्या. भिंतीतला अँगल कॉक अर्धवट उघडा असतो. रंगारी किंवा आधीचा मिस्त्री तो तसाच सोडून गेलेला असतो. नळाच्या तोंडाची जाळी उघडली की वाळू आणि गंजाचे कण हातात येतात. जुन्या गीझरच्या कनेक्शन पाइपचं वॉशर सरकून अर्धं भोक बुजलेलं असतं. इमारत चाळीसेक वर्षांची असेल आणि पाइप लोखंडी जीआयचे असतील, तर अर्ध्या इंची पाइपात आतून पेन्सिल जाईल एवढीच वाट उरलेली असू शकते. अशा घरात नवीन गीझर घेण्याआधी पाइप बदलणं हाच खरा खर्च. अर्ध्या इंचाच्या जागी पाऊण इंची पाइप टाकला तर तेवढ्याच दाबाला दुपटीहून जास्त पाणी येतं. टाकी उंच करूनही एवढा फरक पडत नाही.

टाकीचं गणितही पाहून घ्या. पाण्याची १० मीटर उंची म्हणजे साधारण १ बार दाब. शेवटच्या मजल्याचं छत जमिनीपासून ३ मीटरवर, टाकी गच्चीवर १ मीटरच्या कट्ट्यावर आणि शॉवर जमिनीपासून २.१ मीटरवर असं धरलं, तर टाकीचा तळ आणि शॉवर यांत जेमतेम १.९ मीटर उरतात. म्हणजे ०.१९ बार. त्याच इमारतीत तीन मजले खाली राहणाऱ्याला याच टाकीतून १ बारपेक्षा जास्त मिळतो. म्हणून खालच्याचं ‘आमच्याकडे तर मस्त चालतो’ हे प्रशस्तिपत्र ऐकून वरच्यानं गीझर घेऊ नये. टाकी आणखी पाच फूट उचलली तर शॉवरची धार साधारण तिसऱ्या हिश्श्यानं वाढते. पण हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. ते तुळई-खांबावर यायला हवं, नुसत्या स्लॅबवर नाही. सोसायटीच्या इंजिनिअरला विचारल्याशिवाय विटांचे थर चढवू नका.

घरात येणारा दाब किती असावा, याचं सरकारी मापही आहे. केंद्राच्या पाणीपुरवठा नियमावलीत वर्षानुवर्षे एकमजली घरासाठी ७ मीटर, दुमजलीसाठी १२ आणि तीनमजलीसाठी १७ मीटर दाब सांगितला होता. आपल्याकडे किती गल्ल्यांना तो मिळतो, हे वाचकांना सांगायला नको.

इन्स्टंट गीझर: दोन लिटरची मर्यादा

थंडीत पुण्या-नाशकाकडे टाकीतलं पाणी २० अंशांवर धरू आणि आंघोळीला ४० अंशांचं हवं असं धरू. म्हणजे २० अंशांची वाढ. मिनिटाला १ लिटर पाणी एवढं तापवायला साधारण १.४ किलोवॅट लागतात. हा एक आकडा लक्षात ठेवलात तर विक्रेत्याशी बोलायला बळ येतं.

तीन किलोवॅटचा, तीन लिटरचा इन्स्टंट गीझर घ्या. तो मिनिटाला २.१ लिटरच ४० अंशांचं देऊ शकतो. आत साठलेल्या तीन लिटरांमुळे सुरुवातीला जरा उदार वाटतो, नंतर आपल्या मूळ चालीवर येतो. २० लिटरची बादली भरायला नऊ-साडेनऊ मिनिटं. साडेचार किलोवॅटचा घेतलात तर ३.२ लिटर मिळतील, पण त्याला जवळजवळ २० अँपिअर लागतात. घरातला १६ अँपिअरचा मोठा प्लग त्याच्यासाठी नाही. वेगळा एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढावी लागते.

यातली गंमत अशी की धार बारीक असली तर इन्स्टंट गीझरला ती सोयीचीच असते. मिनिटाला २ लिटरच येत असेल तर तो ते आरामात तापवतो, उलट धार मोठी असेल तर पाणी कोमट पडतं. म्हणून ‘कमी प्रेशरला इन्स्टंट चालत नाही’ हे सरसकट खरं नाही. तापवायला तो कमी पडत नाही. फक्त २ लिटरच्या धारेत डोकं धुताना साबण जात नाही, एवढंच. स्वयंपाकघरातल्या भांड्यांसाठी, हात-तोंड धुण्यासाठी तो उत्तम. एकट्या माणसाच्या बादलीभर आंघोळीलाही चालेल. चौघांच्या सकाळच्या घाईत नाही.

खरेदी करताना एक खात्री करून घ्या: आत छोटी टाकी असलेला इन्स्टंट वेगळा आणि अजिबात टाकी नसलेला वेगळा. टाकी नसलेल्यात बहुधा पाण्याच्या प्रवाहानं चालू होणारा स्विच असतो. धार त्याच्या हद्दीखाली गेली की तो बंदच राहतो. आणि नळालाच जोडायचे जे स्वस्त तापक बाजारात येतात, ते ओल्या हाताजवळ विजेचा खेळ असल्यानं मी तरी कुणाला सुचवणार नाही.

साठवणीचा गीझर आणि दोन नळांची युक्ती

बारीक धारेच्या घरात माझं मत पंधरा किंवा पंचवीस लिटरच्या साठवणीच्या गीझरला पडतं. त्याला चालू व्हायला दाबाची किंवा प्रवाहाची कसलीच अट नसते. पाणी थेंबाथेंबानं आत आलं तरी टाकी भरते, सावकाश तापते. आणि दुसरं कारण त्याहून मोलाचं आहे.

इन्स्टंट गीझर आंघोळीजोगं पाणी थेट देतो, म्हणजे बादलीतला प्रत्येक लिटर गरम पाण्याच्या त्या एकाच बारीक पाइपातून यावा लागतो. साठवणीच्या गीझरात पाणी ६० अंशांवर असतं. ६० अंशांचं एक तांब्या आणि २० अंशांचं एक तांब्या मिळून दोन तांबे ४० अंशांचे होतात. म्हणजे निम्मं पाणी थंड नळातून येतं. गरम नळाला मिनिटाला ३ लिटर आणि थंड नळाला ३ लिटर येत असतील, तर दोन्ही एकदम सोडून बादलीत मिनिटाला ६ लिटर पडतात. गीझर तोच, पाइप तेच, बादली निम्म्या वेळात भरते. यात अट एकच: दोन्ही नळांचा मागचा पाइप पुरेसा हवा. अडथळा मुख्य पाइपातच असेल तर एक नळ सोडल्यावर दुसरा कमी होईल आणि हा फायदा हातचा जाईल. म्हणून सुरुवातीला ते दोन नळांचं मोजमाप करायला सांगितलं.

आता किती लिटरचा? हिशेबाने २५ लिटर ६० अंशांचं पाणी थंडात मिसळून ५० लिटर आंघोळीचं होतं. प्रत्यक्षात गरम काढताना खालून थंड शिरतं आणि शेवटचं पाणी कोमट येतं, म्हणून तीन-चतुर्थांश धरा: पावणेदोन ते दोन बादल्या. पंधरा लिटरच्या गीझरातून एक बादली आणि थोडं वर. दोन किलोवॅटच्या तापकावर पंधरा लिटर २० वरून ६० वर जायला वीसेक मिनिटं लागतात, पंचवीसला पस्तीस. चौघांचं घर, एकामागून एक बादलीनं आंघोळ, असा पंचवीसचा गीझर निभावून नेतो: पहिल्या दोघांत फार अंतर लागत नाही, तिसऱ्याला चहा होईपर्यंत थांबायचं. शॉवरची हौस असेल तर हिशेब बदलतो, कारण मिनिटाला ६ लिटरनं सात मिनिटांचा शॉवर म्हणजे ४२ लिटर. पण ज्याच्या शॉवरला मुळात ३ लिटरच येतात त्याला तेवढे लागणारही नाहीत! बारीक धारेनं पाण्याची बचत आपोआप होते, हे कुरकुरणाऱ्यांना आवडत नाही, पण खरं आहे.

विजेचा खर्च कुठल्याही विजेच्या गीझरात जवळपास सारखाच. चार बादल्या पाणी २० अंशांनी तापवायला रोज पावणेदोन ते दोन युनिट लागतात, मग ते तीन लिटरच्या टाकीत तापवा की पंचवीसच्या. साठवणीच्या गीझरात वर थोडी भर पडते ती भिंतींतून निसटणाऱ्या उष्णतेची. बीईईचे तारे हेच सांगतात: ठेवलेलं पाणी किती ऊब टिकवतं. दिवसभर चालू ठेवणाऱ्यानं पाच तारेच घ्यावेत. आंघोळीआधी अर्धा तास लावून बंद करणाऱ्यानं ताऱ्यांपायी जीव टाकू नये. आयएसआयची खूण मात्र बघाच.

गॅस गीझर: ठिणगी कधी पडते

पुण्यात ड्राय बाल्कनीत गॅस गीझर आणि खाली लाल सिलिंडर हे चित्र इतकं सरावाचं झालं आहे की तो सगळ्यांना चालतोच असं वाटतं. तापवायची ताकद त्याच्याकडे भरपूर आहे. ‘सहा लिटर’चा म्हणतात तो साधारण साडेदहा किलोवॅटचा असतो, म्हणजे घरगुती इन्स्टंटच्या साडेतीन पट. एका १४.२ किलोच्या सिलिंडरवर चौघांच्या चार बादल्या दोन-अडीच महिने निघतात.

पण तो पेटतो कसा ते पाहा. नळ सोडला की पाणी आतल्या रबरी पडद्याला दाबतं, पडदा एक दांडी पुढे ढकलतो, दांडी गॅसचा मार्ग उघडते आणि छोटा स्विच दाबते, आणि दोन मोठ्या सेलांवर ठिणगी पडते: टक, टक, टक, भप्प. पडदा ढकलायला पुरेसा दाब नसेल तर यातलं काहीच घडत नाही. किंवा त्याहून त्रासदायक म्हणजे टकटक होते, पेटतो, शेजाऱ्यानं नळ सोडला की विझतो. साबण लावलेल्या माणसावर गार पाण्याची चूळ.

म्हणून खोक्यावर किंवा पुस्तिकेत किमान पाण्याचा दाब शोधा. तो कधी बारमध्ये असतो, कधी मेगापास्कलमध्ये. ०.०३ मेगापास्कल म्हणजे ०.३ बार म्हणजे ३ मीटर उंची. वर काढलेल्या शेवटच्या मजल्याच्या १.९ मीटरला हा गीझर पेटायचा नाही. कमी दाबावर चालणारी मॉडेल्स मिळतात, ती मागून घ्या, आणि आकडा छापलेला नसेल तर ‘चालेल हो, सगळीकडे चालतो’ यावर पैसे मोजू नका.

पेटलेल्या गीझरचीही एक खोड आहे. पूर्ण ज्योतीवर, मिनिटाला जेमतेम अडीच लिटर पाणी जात असेल, तर ते २० वरून ८० अंशांपर्यंत जाऊ शकतं. माणूस घाबरून थंड नळ मोठा करतो, गरम नळ लहान करतो; प्रवाह आणखी घटतो आणि गीझर विझतो. बारीक धारेच्या घरात उलट करायचं असतं: गरम नळ पूर्ण उघडा ठेवायचा आणि गीझरवरच्या बटणानं ज्योत कमी करायची, म्हणजे थंड मिसळायची वेळच कमी येते. उन्हाळा-हिवाळा असं बटण असेल तर उन्हाळ्यावर ठेवा. घरी पाइपचा गॅस असेल तर त्यासाठीच बनवलेला गीझर घ्या. सिलिंडरचा तसाच जोडता येत नाही.

आणि हे ठासून सांगायलाच हवं. गॅस गीझर न्हाणीघरात बसवायचा नाही. खिडकी असली तरी नाही. बंद जागेत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळ्यांत पाणी येत नाही. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि आतली कडी लावलेली असते. महाराष्ट्रात दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. हा गीझर उघड्या बाल्कनीत किंवा बाहेरच्या भिंतीवरच हवा. ड्राय बाल्कनीला काचा लावून ती बंद केली असेल तर तीही बाल्कनी राहिली नाही, खोली झाली.

तासभर पाणी, माळ्यावर टाकी

मुंबईच्या चाळीत, किंवा मराठवाड्यात काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरांत, प्रश्न निराळा असतो. पाणी येतं तेव्हा जोरात येतं, मग काहीच नाही. तिथे काहीजण गीझर थेट पालिकेच्या लायनीला जोडतात, फोर्स चांगला मिळतो म्हणून. हे करू नका. पाणी जाताना लायनीत ओढ निर्माण होते आणि गीझरच्या खालच्या नळीतून आतलं पाणी उलटं परत जातं. उलट जाणं रोखणारा व्हॉल्व खराब असेल तर टाकी रिकामी, आणि दुसऱ्या दिवशी बटण दाबलं की कॉइल कोरडीच तापून जळते. शिवाय पाणी नव्यानं येतं तेव्हा सोबत हवा आणि गाळ घेऊन येतं. तो सगळा गीझरात जातो.

माळ्यावरच्या टाकीतूनच गीझर जोडावा. उंची कमी असते, एखाद-दीड मीटर, म्हणून गीझर टाकीच्या तळाच्या खाली, शक्य तितका जवळ, पाऊण इंची पाइपानं आणि कमीत कमी वळणांनी. दोघांच्या मध्ये पाइप वर-खाली करू नका, उंचवट्यात हवा अडकते आणि पाणी थबकतं. इथे शॉवरचा नाद सोडून गरम नळ जमिनीपासून दीड-दोन फुटांवर काढावा: उंचीतला प्रत्येक फूट इथे पैशापेक्षा महाग आहे.

आता ज्या चुकीनं माळे भिजतात ती. न्हाणीघरात मिक्सर बसवला, त्याला गरम पाणी माळ्याच्या टाकीवरून आणि थंड थेट पालिकेच्या लायनीवरून दिलं. पाणी आलं की थंड बाजूला चौपट दाब. मिक्सर उघडताच थंड पाणी गरम पाइपात घुसतं, गीझर पार करून माळ्याच्या टाकीत चढतं आणि टाकी ओसंडून वाहते. खालच्या घरमालकाला पत्ता लागतो आधी. बंगल्यात एका बाजूला पंपाचं आणि दुसऱ्या बाजूला साध्या टाकीचं पाणी दिलं तरी हेच होतं. गरम आणि थंड, दोन्ही एकाच टाकीवरून आणि एकाच दाबाचं हवं. ते जमत नसेल तर मिक्सर नको, दोन सुटे नळ बरे.

आजोळच्या तांब्याच्या बंबाला हे काहीच लागत नसे. पाणी हातानं ओतायचं आणि तोटीनं काढायचं.

पंप लावावा का

गच्चीवरच्या टाकीतून निघणाऱ्या पाइपावर छोटा प्रेशर पंप लावला तर शेवटच्या मजल्याचा प्रश्न बहुतेक सुटतो. दीड बार पुरे. गीझर किती बारचा आहे ते बघा. साठवणीचे बरेचसे साडेसहा किंवा आठ बारसाठी बनवलेले असतात, त्यामुळे अडचण येत नाही. पंपाला बगल देणारा एक पाइप व्हॉल्वसह ठेवा, म्हणजे वीज गेली तरी टाकीचं पाणी येत राहील. आणि पंपानंतरच गरम-थंड असे फाटे फोडा.

पालिकेच्या लायनीला थेट मोटार लावणं हा मात्र गुन्हा आहे, मोटार जप्त होते. ती शेजाऱ्याचं पाणी ओढते हे एक झालं. लायन कुठे फुटली असेल तर बाजूच्या गटाराचं पाणीही आत ओढते, आणि ते तुमच्याच टाकीत येतं.

सोलर: पाणी तापतं, पोचत नाही

गच्ची असेल आणि ऊन असेल तर सोलर हवाच, खर्च काही वर्षांत वसूल होतो. पण बारीक धारेच्या घरात दोन गोष्टी आधी तपासा. काचेच्या नळ्यांच्या साध्या सोलरमध्ये पाणी फक्त उतारानं वाहतं. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीच्या वर असावा लागतो, म्हणजे टाकीला सात-आठ फुटांचं स्टँड. ते नसेल तर सोलर पूर्ण भरतच नाही, आणि विक्रेता हे स्टँड बऱ्याचदा दरपत्रकात दाखवत नाही. दुसरं, थंड पाण्याची टाकी कोरडी पडू देऊ नका. रिकाम्या नळ्या उन्हात तापतात आणि भर दुपारी टँकर आल्यावर थंड पाणी आत शिरलं की काच तडकते. पाणी नसेल तर नळ्या झाका आणि सकाळी लवकर किंवा रात्रीच भरा.

खरा वैताग मधल्या पाइपाचा. गच्चीपासून तुमच्या नळापर्यंत ३० मीटर पाऊण इंची पाइप असेल तर त्यात जवळजवळ नऊ लिटर पाणी उभं असतं, रात्रभर गार झालेलं. नळाला मिनिटाला ३ लिटर येत असतील तर गरम पाणी यायला तीन मिनिटं, आणि नऊ लिटर पिण्यालायक पाणी मोरीत. पाणी तोकडं असलेल्या सोसायटीत हे परवडत नाही. निदान पहिलं पाणी बादलीत धरून फरशीला किंवा संडासला वापरा. सोलरची टाकी न्हाणीघराच्या थेट वर बसवता आली तर उत्तम. नाहीतर पाइपावर इन्सुलेशनचा फोम घाला आणि ढगाळ दिवसांसाठी आत छोटा विजेचा गीझर ठेवा.

हीट पंपाबद्दल थोडक्यात: तो हवेतली उष्णता वापरून एका युनिटमध्ये तीन युनिटांचं काम करतो, पण महाग आणि सावकाश आहे, शंभर-दोनशे लिटरची साठवण लागते. मोठं कुटुंब किंवा बंगला असेल तर विचार करा, वन बीएचकेत नाही. आणि रॉड? भाड्याच्या खोलीत, जिथे नळाला धारच नाही, तिथे दीड किलोवॅटचा रॉड २० लिटर पाणी वीसेक मिनिटांत तापवतो आणि दाबाचा प्रश्नच येत नाही. पण घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर रॉड लावू नका, आणि प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालू नका. लहान मुलं असलेल्या घरात तो नकोच.

बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर ही सगळी यंत्रं आणखी लवकर मंदावतात. तापकावर पांढरा थर बसतो, गॅस गीझरच्या तांब्याच्या नळीत तो आतून बसतो आणि मुळातच बारीक असलेली धार अजून बारीक होते. अशा पाण्याला साठवणीचा गीझर बरा, कारण तो खोलून साफ करता येतो. थर्मोस्टॅट ६० च्या वर नेऊ नका, आणि वर्षातून एकदा आतली मॅग्नेशियमची दांडी पाहून घ्या. ती झिजली की टाकीची पाळी येते.

बसवण्याच्या दिवशी मिस्त्री घाईत असतो, तेव्हा तुम्ही हजर राहा. आधी जाळ्या धुऊन लावायला सांगा. गीझरकडे येणारा व्हॉल्व पूर्ण उघडा, गरम नळ सोडून ठेवा आणि थांबा. बारीक धारेच्या घरात पंचवीस लिटर भरायला दहा-दहा मिनिटं लागतात. नळातून आधी हवा फुसफुसते, मग पाणी तुटक येतं, मग सलग. सलग धार लागल्यावरच बटण दाबायचं. पाणी तापताना फुगतं, पंचवीस लिटरला पाव-अर्धा लिटर, आणि ते सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब थेंब पडू शकतं. गळतो म्हणून मिस्त्री त्याला बूच मारायला निघाला, तर त्याचा हात धरा.